संगणक कक्षाची किल्ली कोणाच्या हाती?

शाळेच्या इतिहासात इमारती उभ्या राहिल्याच्या तारखा आवर्जून नोंदविल्या जातात; परंतु त्या इमारतींतील एखादी खोली केव्हा बंद पडली, याची नोंद सहसा कोठेही आढळत नाही. ग्रामीण व निमशहरी भागातील अनेक शाळांचा संगणक कक्ष ही अशीच एक खोली आहे. उद्घाटनाची कोनशिला असते, फीत कापतानाचे छायाचित्र असते, देणगीदारांची नावे असतात. त्यानंतर दोन-तीन वर्षांत एकेक यंत्र मुके होत जाते, झाकणांवर धूळ साचते आणि शेवटी दाराला कुलूप लागते. हे कुलूप कोणी लावले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण ते कोणा एकाने लावलेले नसते.

आपल्या संस्थेत नवा संगणक कक्ष उभारावा, अशी सूचना माजी विद्यार्थ्यांकडून पुढे आली आहे. तीस नवे संगणक घेऊन द्यावेत, असा त्यांचा मानस आहे. या भावनेचा आम्ही मनःपूर्वक आदर करतो. तथापि यंत्रे खरेदी करण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार व्हावा, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच. हा कक्ष पाचव्या वर्षीही चालू राहील, तो कोणाच्या बळावर? आमचे मत प्रारंभीच स्पष्टपणे मांडतो. तीस स्वतंत्र संगणकांऐवजी लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आणि त्याच्यावरून नेटवर्कद्वारे सुरू होणारी तीस साधी यंत्रे, अशी रचना आपल्यासारख्या निवासी शाळेला अधिक योग्य आहे. परंतु तीही तेव्हाच टिकेल, जेव्हा तिची किल्ली, म्हणजे ती चालविण्याचे ज्ञान, शाळेतील माणसांच्या हाती असेल.

आम्ही इतिहासाचे अध्यापक आहोत, संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हे. हा विषय आम्ही शाळेच्या वेळेनंतर, पुस्तके व मार्गदर्शिका वाचून आणि चार जुनी यंत्रे एका सर्व्हरला जोडून शिकलो. म्हणून पुढील विवेचन तज्ज्ञाचे नसून शिक्षकाचे आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. आमच्या म्हणण्याचा आधारही नेमका तोच आहे. आम्हांला जे जमले, ते इतर शिक्षकांना आणि आठवी-नववीच्या मुलामुलींनाही जमेल.

कल्पना जुनीच आहे

मध्यभागी एक समर्थ संगणक आणि त्याच्याभोवती अनेक साधी टर्मिनले ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १ मे १९६४ रोजी अशी व्यवस्था कार्यान्वित केली. एकाच संगणकाचा वेळ अनेक विद्यार्थ्यांत वाटून देणारी ही पद्धत होती. तिच्यासोबतच ‘बेसिक’ ही सोपी संगणकभाषा जन्मास आली. संगणक केवळ विज्ञानाच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी नसून, ग्रंथालयाप्रमाणे तो प्रत्येक विद्यार्थ्याला खुला असावा, हा त्यामागील आग्रह होता. तंत्र पुढे कितीही बदलले, तरी हा आग्रह आजही तितकाच मोलाचा आहे.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला आणि प्रत्येकाच्या मेजावर स्वतंत्र संगणक ही कल्पना रूढ झाली. घरासाठी ती सोयीची ठरली. शाळेसाठी मात्र तिने एक नवे ओझे निर्माण केले, कारण तीस संगणक म्हणजे तीस स्वतंत्र संसार. तीस हार्ड डिस्क, तीस ठिकाणी प्रणाली बसविणे, तीस ठिकाणी ती अद्ययावत करणे, तीस ठिकाणी विषाणूंचा बंदोबस्त. एका यंत्राला जी अद्ययावत सामग्री एक गिगाबाइट लागते, ती तीस यंत्रांना तीस गिगाबाइट लागते, आणि आपल्या गावातील इंटरनेटचा वेग आपण सारेच जाणतो. पूर्णवेळ तंत्रज्ञ नसलेल्या शाळेला हे ओझे पेलत नाही. खोलीला कुलूप लागते ते बहुधा येथून.

दरम्यान दुसऱ्या बाजूने एक वेगळी परंपरा घडत होती. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याची अंतर्गत रचना अभ्यासण्याचे, त्यात बदल करण्याचे आणि ते दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असावे, हे त्याचे सूत्र. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच मुक्त परवान्याखाली आला. या पायावर अमेरिकेतील जिम मॅक्विलन यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजेच एलटीएसपी, सुरू झाला. शाळांतील जुनी यंत्रे एका सर्व्हरवरून चालविण्यासाठी जगभर त्याचा वापर झाला. २०१९ मध्ये त्याचे पूर्णपणे नव्याने लेखन झाले आणि आज तो डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रचलित वितरणांत सहज उपलब्ध आहे.

ज्ञान कोणी कोणाला द्यावे आणि कोणापासून राखून ठेवावे, या प्रश्नाचा इतिहास आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. म्हणूनच येथे ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तो ‘फुकट’ असा नाही. पैसे वाचतात हा त्याचा आनुषंगिक लाभ होय. मुख्य लाभ असा की, आत काय चालले आहे हे पाहण्यास आणि शिकण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.

यंत्र सुरू होते ते कसे

या रचनेतील विद्यार्थ्याच्या यंत्रात हार्ड डिस्क नसली तरी चालते. मग बटण दाबल्यावर ते सुरू कसे होते? पालकांना हे समजावे म्हणून क्रमाने सांगतो.

यंत्राच्या नेटवर्क कार्डात पीएक्सई नावाची एक छोटी सोय कारखान्यातूनच बसविलेली असते. यंत्रास वीज मिळताच ती नेटवर्कवर हाक देते : माझा पत्ता कोणता आणि मला सुरू करणारी सामग्री कोठे मिळेल? सर्व्हरवरील डीएनएसमास्क हा कार्यक्रम या हाकेला उत्तर देतो. पत्ता हाती आल्यावर यंत्र टीएफटीपी या अत्यंत साध्या पद्धतीने प्रथम एक छोटा आरंभक, त्यानंतर लिनक्सचा गाभा व त्याची प्राथमिक सामग्री मागवून घेते. मग सर्व्हरवर ठेवलेली संपूर्ण प्रणालीची एक दाबून लहान केलेली प्रतिमा नेटवर्कवरून जोडली जाते. ही प्रतिमा केवळ वाचता येते, बदलता येत नाही. विद्यार्थी काम करताना प्रणालीत जे तात्पुरते बदल होतात, ते यंत्राच्या स्मृतीत राहतात आणि यंत्र बंद होताच पुसले जातात. विद्यार्थ्याची स्वतःची कामे मात्र सर्व्हरवरील त्याच्या खात्यात जतन होतात.

याचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. मुलाने कितीही खटपट केली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र पुन्हा स्वच्छ व पूर्ववत. ‘हात लावू नका, बिघडेल’ ही संगणक कक्षातील सर्वांत घातक सूचना देण्याचे कारणच उरत नाही. सहावीतील मुलगी आज खिडकीजवळच्या यंत्रावर बसली आणि उद्या दाराजवळच्या, तरी तिचा निबंध, तिची चित्रे, तिची पडद्यावरील मांडणी तिच्यासोबत येते. एखादे यंत्र खरोखरच निकामी झाले, तर ते उचलून बाजूला ठेवायचे आणि दुसरे तारेला जोडायचे. त्यात कोणाचेही काम अडकलेले नसते.

येथे दोन प्रकारांतील भेद सांगणे आवश्यक आहे. निव्वळ थिन क्लायंटमध्ये सारी प्रक्रिया सर्व्हरवर होते आणि विद्यार्थ्याच्या यंत्रावर केवळ चित्र उमटते. अशा वेळी सर्व्हर बलवान लागतो आणि तीस मुलांनी एकदम चलचित्रे पाहिली तर तो थकतो. दुसऱ्या प्रकारात प्रणाली सर्व्हरवरून येते, परंतु ती चालते विद्यार्थ्याच्या यंत्राच्या स्वतःच्या प्रोसेसरवर व स्मृतीवर. नव्या एलटीएसपीची मुख्य पद्धत ही दुसरी आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा ६४ बिटचा, चार गिगाबाइट स्मृतीचा संगणक तिच्यासाठी उत्तम चालतो. दोन गिगाबाइटवरही साधी कामे होतात. आपण दुसरी पद्धतच स्वीकारावी, असे आम्ही सुचवितो.

उभारणीचा आराखडा

सर्व्हर म्हणून फार महागडे यंत्र लागत नाही. सोळा गिगाबाइट स्मृती, एक वेगवान एसएसडी आणि गिगाबिट नेटवर्क कार्ड असलेला चांगला मेजावरचा संगणक या कामास पुरेसा आहे. खरा विचार करावा लागतो तो तारांचा. अशी यंत्रे वायफायवरून सुरू होत नाहीत, प्रत्येकास तार हवीच. कॅट सिक्स प्रतीची तार आणि ४८ पोर्टचा एक गिगाबिट स्विच घेतला तर तीस यंत्रे, सर्व्हर आणि पुढील वाढ यांची सोय होते. एका तारेची लांबी शंभर मीटरच्या आत असावी. तारांच्या टोकांना जोड बसविण्याचे काम क्रिम्पिंगच्या हत्याराने विद्यार्थीही एका दुपारी शिकतात.

प्रत्यक्ष मांडणीचा क्रम सरळ आहे. सर्व्हरवर डेबियन किंवा उबुंटू बसवावे आणि मुलांना जे काही लागणार, ते सारे त्याच एका यंत्रावर बसवावे : लेखनासाठी लिबर ऑफिस, भूमितीसाठी जिओजेब्रा, आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम, लहानग्यांसाठी टक्स पेंट. त्यानंतर एलटीएसपी, डीएनएसमास्क, एनएफएस आणि एसएसएच यांचे सर्व्हर बसवावेत. मग एलटीएसपीच्या आज्ञा : पहिली नेटवर्कच्या हाकांना उत्तर देण्याची व्यवस्था लावते, दुसरी सर्व्हरवरील प्रणालीची प्रतिमा तयार करते, तिसरी आरंभीची यादी बनविते, चौथी ती प्रतिमा नेटवर्कवर खुली करते आणि पाचवी प्राथमिक सामग्री बांधते. विद्यार्थ्यांच्या यंत्रांत आरंभीच्या सेटिंगमध्ये नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर आणावे लागते आणि सिक्युअर बूट बहुधा बंद करावे लागते.

पुढे लक्षात ठेवण्याचे नियम दोनच. नवे सॉफ्टवेअर बसविले किंवा प्रणाली अद्ययावत केली की प्रतिमा पुन्हा तयार करायची. नवा विद्यार्थी दाखल झाला की त्याचे खाते उघडून प्राथमिक सामग्री पुन्हा बांधायची. जून महिन्यात वर्गशिक्षक हजेरीपटावर नावे चढवितात, तितकेच हे नेमाचे काम आहे.

शाळेत इंटरनेटसाठी राउटर आधीपासून असेल, तर पत्ते देण्याचे काम त्याच्याकडेच ठेवून सर्व्हरने केवळ सुरुवातीची सामग्री द्यावी, अशी सोय आहे. दुसरा मार्ग म्हणजे सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे बसवावीत : एक बाहेरच्या जगाकडे, दुसरे कक्षाकडे. आम्हांला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात राउटर बंद पडला तरी कक्ष चालू राहतो. इंटरनेट नसतानाही मुलांचे काम अडू नये म्हणून किविक्सच्या साहाय्याने मराठी विकिपीडियाची संपूर्ण प्रत सर्व्हरवर ठेवता येते. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे जे खंड इंटरनेटवर खुले आहेत, तेही तेथेच असावेत. म्हणजे एका वेळी एका मुलाच्या हाती जाणारा ग्रंथ तीस मुलांना एकाच तासाला उघडता येईल.

‘जुने आमच्याच मुलांना का?’

या सूचनेवर जे आक्षेप येतील, त्यांतील सर्वांत गंभीर आक्षेप तांत्रिक नाही. तो स्वाभिमानाचा आहे. दुसऱ्यांनी वापरून टाकून दिलेली यंत्रे आमच्याच मुलांच्या वाट्याला का यावीत, असे एखाद्या पालकाने विचारले तर तो प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. उतरलेले, उष्टे, उरलेले यांचा आपल्या समाजाच्या स्मृतीत जो अर्थ आहे, तो जाणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे.

आमचे उत्तर असे. दान म्हणून आलेले भंगार स्वीकारण्याचे बंधन संस्थेवर नाही. यंत्र ६४ बिटचे आहे काय, स्मृती पुरेशी आहे काय, नेटवर्क कार्ड व कळफलक सुस्थितीत आहेत काय, पडदा डोळ्यांना त्रास न देणारा आहे काय, अशी लेखी कसोटी ठरवावी आणि तिला न उतरणारे यंत्र नम्रपणे परत करावे. पडदे, कळफलक व माउस शक्य तितके नवे घ्यावेत, कारण मुलांचे डोळे व बोटे यांचा संबंध त्यांच्याशी येतो. आतला प्रोसेसर दहा वर्षांचा आहे की दोन, याने मुलाला मिळणारी प्रणाली बदलत नाही. तीसही पडद्यांवर तीच, आजची, अद्ययावत प्रणाली उमटते. एकाला चांगला व दुसऱ्याला रडका संगणक, आणि चांगल्यासाठी दारात झुंबड, हे दृश्य संपते. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक कार्यालयांतून धडधाकट यंत्रे केवळ त्या कारणास्तव बाहेर पडत आहेत. ती टाकाऊ नाहीत. आणि संस्थेस नवी यंत्रे घेणे परवडत असेल तर तीही याच रचनेत बसतात. सर्व्हर नव्या-जुन्याचा भेद करीत नाही.

शेवटी मानहानी कशात आहे, हेही तपासले पाहिजे. जुने यंत्र वापरण्यात ती नाही. स्वतःच्या यंत्रात काय चालले आहे हे कळू न देणाऱ्या व्यवस्थेपुढे हात जोडून उभे राहण्यात, पुरवठादाराच्या माणसाची महिनोन्महिने वाट पाहण्यात ती आहे.

दुसरा आक्षेप : नोकरीत विंडोज लागते, मग लिनक्स कशाला? याला केरळचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील सरकारी शाळांतून गेली अनेक वर्षे संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच दिले जाते आणि तेथील मुले नोकरीच्या बाजारात मागे राहिलेली नाहीत. जो विद्यार्थी परिच्छेद, तक्ता, सूत्र व फाइल या संकल्पना समजून शिकतो, तो दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर आठवडाभरात रुळतो. जो केवळ ‘वरून तिसऱ्या चित्रावर क्लिक करा’ असे पाठ करतो, तो नवी आवृत्ती येताच अडखळतो. तथापि एमएस-सीआयटीसारख्या परीक्षेस बसणाऱ्यांच्या सरावासाठी विंडोजची दोन यंत्रे कक्षात स्वतंत्रपणे ठेवण्यास आमची हरकत नाही.

तिसरा आक्षेप : आता मोबाइल घरोघरी आहेत. आहेत खरे; पण मोबाइलवर मूल पाहते आणि ऐकते, लिहीत मात्र फार थोडे. चार पानांचा निबंध, प्रकल्पाचा अहवाल, जमाखर्चाचा तक्ता यांना कळफलकच लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर युनिकोडमध्ये मराठी लिहावयास शिकलेले मूल आपले लेखन जगातील कोणत्याही संगणकावर उघडू शकते. जुन्या फॉन्टांत अडकलेल्या मजकुराचे तसे नसते.

मातृभाषेच्या बाबतीत नॉर्वेचा दाखला बोलका आहे. २००१ मध्ये तेथे स्कोलेलिनक्स हा प्रकल्प सुरू झाला. लहान देशाच्या लहान भाषेतही शाळेतील संगणक बोलावा, आणि फारसा तंत्रज्ञ नसलेल्या शाळेलाही तो सांभाळता यावा, हे त्याचे हेतू. एक सर्व्हर व अनेक थिन क्लायंट हीच त्याची मांडणी. तोच पुढे डेबियन एड्यू म्हणून जगभरच्या शाळांना उपलब्ध झाला. मराठी बोलणारे तर नॉर्वेच्या लोकसंख्येहून कितीतरी पट अधिक आहेत. लिबर ऑफिसचा पडदा मराठीत उघडतो, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स व लिबर ऑफिसचे पाठ मराठीतून ऐकता येतात. साधने आहेत, ती वर्गात आणण्याचे काम तेवढे उरले आहे.

खरा धोका कोठे आहे

या रचनेतील उणीवही स्पष्ट सांगितली पाहिजे. तीस यंत्रांचा जीव एका सर्व्हरमध्ये असतो. तो बंद पडला तर सारा कक्ष बंद. म्हणून सर्व्हर व स्विच यांना यूपीएस हवाच. सारी यंत्रे एकाच क्षणी न पेटविता ओळीओळीने सुरू करावीत. मुलांच्या खात्यांची प्रत दररोज रात्री बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवावी. सर्व्हरसारखेच एक राखीव यंत्र तयार असावे.

परंतु याहून मोठा धोका माणसाचा आहे. सारे ज्ञान एकाच शिक्षकाच्या डोक्यात साठले, आणि त्यांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले, तर सर्व्हर चालू असूनही कक्ष अनाथ होतो. आमचीही निवृत्ती फार दूर नाही, म्हणून हे आग्रहाने लिहितो. दक्षिण आफ्रिकेत शटलवर्थ फाउंडेशनने वेस्टर्न केप प्रांतातील शाळांत टक्सलॅब या नावाने असेच थिन क्लायंटचे कक्ष उभारले. स्थानिक स्वयंसेवकांना हाताशी धरून ते उभे राहिले. यातून घेण्यासारखा धडा एकच : स्वतःच्या हातांनी तार ओढलेल्या माणसाला तो कक्ष आपला वाटतो. ठेकेदाराने एका रात्रीत सजवून दिलेला कक्ष असा आपला वाटत नाही.

म्हणून आम्ही तीन नियम सुचवितो. एक, सर्व्हरचा परवलीचा शब्द दोन शिक्षकांना ठाऊक असावा आणि बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांकडे असावा. दोन, कक्षात एक जाड नोंदवही असावी. कोणत्या तारखेला कोणी काय बदलले, कोणती आज्ञा दिली, काय अडले व कसे सुटले, हे मराठीत लिहिलेले असावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दस्तऐवजाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. या कक्षाचा दस्तऐवज म्हणजे ही वही. तीन, दर वर्षी आठवीतील दोन मुली व दोन मुलगे यांना सर्व्हर सांभाळण्याचे शिक्षण द्यावे. नववीत त्यांनी कक्ष चालवावा आणि दहावीत जाण्यापूर्वी पुढच्या चौघांना शिकवावे.

एक सावधगिरीही नोंदवितो. एपॉप्टिस नावाच्या साधनाने शिक्षकास आपल्या जागेवरून तीसही पडदे पाहता येतात. शिकविताना ते उपयुक्त आहे, परंतु लपूनछपून वापरण्याचे नाही. कोणते पडदे केव्हा पाहिले जातात, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला एकांत आधीच कमी मिळतो.

मुलांच्या हाती काय येईल

हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर दहावीच्या निकालानंतरच्या दिवसांत मिळते. अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीवरील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज, निरनिराळ्या प्रवेशपरीक्षांचे अर्ज, सारे काही आता ऑनलाइन आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावी उत्तीर्ण झाले आहे, तेथील मूल बाजारातील सायबर कॅफेत जाते, पैसे मोजते आणि आपला परवलीचा शब्दही तेथील चालकावर सोपवून येते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचा तपशील परक्याच्या यंत्रावर राहतो. अर्जात एखादी चूक झाली, तर ती कळते तेव्हा मुदत संपलेली असते आणि वर्षाची शिष्यवृत्ती हातची जाते. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला व मुलाला स्वतःचा अर्ज स्वतः भरता यावा, कागद स्वतः स्कॅन करून जोडता यावेत, परवलीचा शब्द स्वतःपाशी ठेवता यावा, ही संगणकशिक्षणाची आमची किमान कसोटी आहे. त्यासाठी कक्ष आठवड्यातून एक तास नव्हे, तर रोज सायंकाळच्या अभ्यासानंतर, मुलींच्या वसतिगृहालाही सोयीच्या वेळी, उघडा राहिला पाहिजे. आणि तो उघडा राहण्यासाठी तो चालू राहिला पाहिजे.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कित्येक जण पुणे, मुंबई, नागपूर येथे, काही परदेशात, संगणकाच्या क्षेत्रात नावारूपास आले आहेत. आपली देणगी संस्थेला हवीच आहे. पण यंत्रांच्या आधी आपला वेळ द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीतील आठ दिवस येऊन तारा ओढताना मुलांच्या शेजारी बसा. सर्व्हर मांडताना कळफलक स्वतःच्या हाती न घेता त्यांच्या हाती द्या आणि आपण मागे उभे राहून सांगा. वर्षभर आठवड्यातून एकदा फोनवर उपलब्ध राहा. पालकांनीही एकदा कक्षात येऊन आपल्या मुलीने सुरू केलेला सर्व्हर पाहावा. देणगीचा हिशेब मांडताना किती यंत्रे दिली, हा एक आकडा झाला. तीन वर्षांनी किती मुलांना तो सर्व्हर कोणाच्याही मदतीविना पुन्हा उभा करता येतो, हा दुसरा. पुढील स्मरणिकेत संस्थेने हा दुसरा आकडा छापावा, अशी आमची विनंती आहे.